बायोमेडिकल सायन्स शिकायचंय? आधी विचारा, शेवटी तुमची सही कुठे चालणार

नीटचा निकाल लागला की आठवड्याभरात नात्यातल्या, ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "ताई, एमबीबीएसला नंबर लागणार नाही. बायोमेडिकल कसं आहे?" हा प्रश्न विचारणाऱ्या दहाजणांच्या डोक्यात दहा वेगळे कोर्स असतात, हे मला आता कळून चुकलंय.

मी कऱ्हाडकडची. मलाही बारावीनंतर कुणीतरी "मेडिकलच्या जवळचं काहीतरी घे" असंच सांगितलं होतं. मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी, मग एमएस्सी, दोन वर्षं एका संशोधन प्रकल्पावर आणि गेली सात वर्षं पुण्यात औषधांच्या सुरक्षिततेचं काम. यातली दोन-तीन वर्षं तरी निव्वळ माहिती नसल्यामुळे फुकट गेली. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

कोर्सचं नाव, कॉलेजची इमारत, प्लेसमेंटचं फ्लेक्स, सगळं जरा बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा: हा कोर्स झाल्यावर मी कोणत्या कागदावर सही करू शकेन? रुग्णाच्या रिपोर्टवर? औषधाच्या बॅचच्या नोंदीवर? की कुठल्याच नाही? हे क्षेत्र सहीवर चालतं. कुणाची सही कुठे चालते हे कायद्याने ठरलेलं असतं, हुशारीने नाही.

१. आधी नावांचा गुंता सोडवा

बायोमेडिकल सायन्स म्हणजे माणसाच्या शरीराचं आणि आजारांचं प्रयोगशाळेतलं शास्त्र. शरीरक्रियाशास्त्र, बायोकेमिस्ट्री, इम्युनॉलॉजी, जेनेटिक्स, फार्माकॉलॉजी, थोडी पॅथॉलॉजी. या नावाची बीएस्सी ऑनर्स दिल्ली विद्यापीठाच्या आचार्य नरेंद्र देव, भास्कराचार्य, शहीद राजगुरू अशा कॉलेजांत आहे. आपल्याकडे हाच अभ्यास बहुधा मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी किंवा लाइफ सायन्सेस या पाट्यांखाली वाटला गेलेला असतो.

बायोमेडिकल इंजिनिअरिंग ही वेगळीच गोष्ट. ते बीई-बीटेक आहे. व्हेंटिलेटर, एमआरआय, ईसीजीची यंत्रं, त्यांची इलेक्ट्रॉनिक्स असा तो अभ्यास. एका मावशींनी मुलीला दहावीनंतर गणित सोडायला लावलं आणि मग बारावीला विचारलं, "बायोमेडिकल इंजिनिअरिंगला बायोलॉजी चालतं ना?" उत्तर ऐकून त्यांचा आवाजच बसला.

तिसरी पाटी मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीची, म्हणजे डीएमएलटी, बीएमएलटी किंवा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी. हा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त-लघवीच्या तपासण्या करण्याचा कोर्स. बीपीएमटीत तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. तुम्हाला हॉस्पिटलमध्येच काम करायचं असेल तर साध्या बीएस्सीपेक्षा हा रस्ता सरळ आहे. फक्त गल्लीबोळातल्या संस्थेत पैसे भरण्याआधी राज्याच्या पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये त्या पदविकेवर नोंदणी होते का, हे स्वतः तपासा. संस्थेने दाखवलेल्या फ्रेममधल्या प्रमाणपत्रावर विसंबू नका.

इथेच पहिली सही येते. "बीएस्सी करून स्वतःची पॅथॉलॉजी लॅब टाकू" हे स्वप्न मी किमान चार घरांत ऐकलंय. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची हवी. तपासणी तुम्ही कराल, यंत्र तुम्ही चालवाल, रात्रपाळी तुम्ही काढाल. रिपोर्टखाली नाव डॉक्टरचं असेल. हे पचत असेल तरच तिकडे जा. पचलं तर काम छान आहे, चोख आहे आणि कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतं.

२. दरवाजे कोणते, आणि कुठल्या परीक्षेने उघडतात

महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत बीएस्सीला बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. एमएचटी-सीईटी लागते ती बीफार्म आणि इंजिनिअरिंगसाठी. तरी पीसीबी गटाची सीईटी देऊन ठेवाच. बीफार्मचा पर्याय खुला राहतो, आणि पुढे नोकऱ्यांच्या भागात सांगते तसं, फार्मसीवाल्यांना काही दारं आपल्याआधी उघडतात.

दिल्ली विद्यापीठ किंवा केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी, म्हणजे सामायिक प्रवेशपरीक्षा. ही २०२२ पासून सुरू झाली. यातला सापळा असा की अर्ज भरताना विषय तुम्ही निवडता, आणि कॉलेजला हवे असलेले विषय तुमच्या यादीत नसतील तर कितीही गुण मिळाले तरी उपयोग नाही. आधी कॉलेजची अट वाचा, मग विषयांवर टिक करा.

संशोधनाचीच ओढ असेल तर आयसर, म्हणजे केंद्राच्या विज्ञान संस्था, तिथला पाच वर्षांचा बीएस-एमएस. पुण्यातलं आयसर २००६ चं, पाषाणला. त्याची प्रवेशपरीक्षा आयएटी. ६० प्रश्न: बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित, प्रत्येकी १५. बारावीला गणित नसलं तरी परीक्षेला बसता येतं, पण ते १५ प्रश्न कुणी माफ करत नाही. कालिन्याला मुंबई विद्यापीठाच्या आवारात अणुऊर्जा विभागाबरोबरचं सीईबीएस हे मूलभूत विज्ञानाचं केंद्र आहे, तिथे आणि भुवनेश्वरच्या नायसरला नेस्ट परीक्षेतून प्रवेश मिळतो.

गणिताचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत: जमत असेल तर सोडू नका. मी सोडलं होतं. एमएस्सीच्या वेळी जॅम, म्हणजे आयआयटींच्या एमएस्सी प्रवेशपरीक्षेच्या, बायोटेक्नॉलॉजी पेपरचा अभ्यासक्रम उघडला, तर त्यात बायोलॉजीबरोबर फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणितही बसलेलं. चोवीस तासांचा क्लास लावून मी मॅट्रिक्स शिकले, तेही अर्धवट.

३. कागदपत्रं: जूनमध्ये नव्हे, मार्चमध्ये

दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, अधिवास प्रमाणपत्र, आणि दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन. मध्ये वर्ष गेलं असेल, नीटच्या दुसऱ्या प्रयत्नात तर ते जातंच, तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमिलेयर. क्रेडिटच्या नोंदीसाठी एबीसी आयडी. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला आणि महाडीबीटीवर खातं. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे आधीच बघा.

आता खरा सापळा. राज्याचा नॉन-क्रीमिलेयर दाखला केंद्रीय संस्थांत चालत नाही. सीयूईटी, आयसर, जॅम या सगळ्यांना ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग आहे, केंद्रात तो रकानाच नाही. तिथे अटींत बसत असाल तर ईडब्ल्यूएस बघा. सेतू कार्यालयात "दाखला द्या" एवढंच म्हणालात तर राज्याचाच मिळेल. "केंद्र सरकारच्या नमुन्यात" हे शब्द उच्चारा आणि दाखल्यावरची तारीख कोणत्या आर्थिक वर्षात येते ते पाहा. माझ्या वर्गातल्या एका मुलाची चांगली जागा निव्वळ या कागदावर गेली.

४. ती तीन-चार वर्षं: हात तयार करा

अभ्यासक्रमाचं फार सांगत नाही, तो सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचा पर्याय असतो. तुमच्या कॉलेजला चौथ्या वर्षाची परवानगी आणि गाइड आहेत का, हे पहिल्याच वर्षी विचारून ठेवा.

प्रॅक्टिकलवर मात्र थांबते. आपल्याकडे वीस जणांच्या बॅचमध्ये दोघं प्रयोग करतात आणि अठराजण जर्नल उतरवतात. मी त्या अठरांतली होते. ग्राम स्टेनिंगची, म्हणजे जिवाणू रंगवून ओळखण्याची, पायरी झोपेत सांगायचे, पण स्लाइडवर रंग नेहमी धुऊन जायचा, कारण अल्कोहोल किती सेकंद ठेवायचं हे हाताला माहीत नव्हतं. पहिल्या मुलाखतीत समोर मायक्रोपिपेट, म्हणजे थेंबाहून कमी द्रव मोजून काढायचं साधन, ठेवलं आणि म्हणाले, "पन्नास मायक्रोलिटर काढून दाखवा." पिपेटला दोन थांबे असतात. मी पहिल्यावर थांबण्याऐवजी थेट दुसऱ्यापर्यंत दाबून द्रव ओढला. मुलाखत तिथेच संपली, पुढचे प्रश्न शिष्टाचाराचे होते.

म्हणून चार गोष्टी स्वतः, एकट्याने, दुसरं कुणी हात न लावता करता यायला हव्यात: अचूक पिपेटिंग, निर्जंतुक पद्धतीने कल्चर हाताळणं, एलायझा (नमुन्यातली प्रथिनं किंवा प्रतिपिंडं शोधायची चाचणी) आणि पीसीआर-जेल (डीएनएच्या प्रती वाढवून तपासणं). वाफेने निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर १५ पाउंड दाबाने १५ मिनिटं हे सगळ्यांना पाठ असतं. हवा पूर्ण बाहेर गेल्याशिवाय वाफेची तोटी बंद केली तर दाब दिसतो पण तापमान पोचत नाही, हे लॅब अटेंडंट मामांनी मला शिकवलं, पुस्तकाने नाही. त्या मामांशी चांगलं राहा.

आणि व्हाइटनर फेकून द्या. थट्टा नाही. कॉलेजच्या जर्नलमध्ये खाडाखोड झाली की आपण व्हाइटनर लावतो. पहिल्या नोकरीत मी तेच केलं. तपासणीच्या नोंदवहीत ३.८ चं ८.३ लिहिलं गेलं, म्हणून पांढरं फासून नीट लिहिलं. वरिष्ठांनी वही उचलली, पान माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "याखाली काय होतं?" मी सांगितलं. "ते तू सांगतेस. कागद सांगत नाही." औषध उद्योगात चूक एका रेघेने खोडायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. ही सवय कॉलेजातच लावा.

उन्हाळ्याची सुट्टी वाया घालवू नका. भारतीय विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती असते, दोन महिने एखाद्या खऱ्या प्रयोगशाळेत काम. तिचे अर्ज आदल्या हिवाळ्यात निघतात, त्यामुळे मे महिन्यात जागे होणाऱ्यांना ती कधीच मिळत नाही. आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन योजना मात्र एमबीबीएस-बीडीएसवाल्यांसाठी आहे; तिथे अर्ज भरण्यात मी एक रविवार घालवलेला आहे.

आणि संस्था प्रत्यक्ष बघा. परळला एका दिवसात चालत हाफकिन, टाटा मेमोरियल, केईएम आणि त्याच आवारातली रक्तविकारांवर संशोधन करणारी आयसीएमआरची संस्था, एवढं फिरून होतं. ज्या रक्तगटाला जग 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतं, तो डॉ. य. म. भेंडे यांनी १९५२ मध्ये याच परिसरात शोधला. त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, आजचं एनआयव्ही. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आसपास, अशा अनेक संस्था लोकांसाठी दारं उघडतात. तिथल्या पीएचडीच्या मुलांशी बोला. संचालकांच्या भाषणापेक्षा ती खरं सांगतात.

५. पदवीनंतरचा फाटा

नुसत्या बीएस्सीवर नोकरी मिळते, पण वर चढताना लवकरच छत लागतं. एमएस्सी करायची तर प्रवेशपरीक्षेतून करा. जॅममधून आयआयटी, गॅट-बीमधून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणारे एमएस्सी कार्यक्रम. या कार्यक्रमांत शिकताना छात्रवृत्ती मिळते. तेवढ्याच दोन वर्षांसाठी खासगी विद्यापीठात लाखांनी फी भरणाऱ्या मुलांना गॅट-बीचं नावही माहीत नसतं, याचा मला दर वर्षी राग येतो.

पीएचडीकडे जायचं तर सीएसआयआर-नेट ही परीक्षा, विषय लाइफ सायन्सेस. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची छात्रवृत्ती, मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं. टीआयएफआर ही मुंबईची संशोधन संस्था आणि इतर काही संस्थांसाठी जीवशास्त्राची वेगळी संयुक्त परीक्षा असते. पीएचडीची मुदत नियमाने किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहे. प्रत्यक्षात लोक कमालीच्या बाजूला सरकतात. गाइड निवडताना त्यांचे पेपर बघाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांनी बाहेर पडले ते विचारा. प्रबंधावर शेवटची सही त्यांची असते.

६. नोकऱ्या, जशा आहेत तशा

क्वालिटी कंट्रोल: औषध आणि लस कंपन्यांत मायक्रोबायोलॉजीवाल्यांना सगळ्यात आधी इथे घेतात. पुणे, नाशिक, तारापूर, संभाजीनगर, गोव्यातलं वेर्णा. पाळ्या असतात, सुरुवातीचा पगार बेताचा. जाहिरातीत 'एफडीए अप्रूव्ह्ड' असे शब्द दिसतील. काही काळ अनुभव घेतल्यावर कंपनीमार्फत राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज जातो आणि चाचण्यांच्या नोंदींवर तुमची सही अधिकृत होते. ही मान्यता मिळाली की बाजारातली तुमची किंमत बदलते. म्हणून पहिली नोकरी घेतानाच विचारा, "अप्रूव्हलसाठी नाव पाठवता का?" दोन हजार जास्त देणाऱ्या पण नाव न पाठवणाऱ्या कंपनीपेक्षा पाठवणारी बरी.

क्लिनिकल रिसर्च: नव्या औषधांच्या चाचण्या. हॉस्पिटलमध्ये बसून रुग्णांच्या भेटी, संमतिपत्रं, नोंदी सांभाळणारा तो कोऑर्डिनेटर. कंपनीकडून येऊन त्या नोंदी तपासणारा तो मॉनिटर. सुरुवात कोऑर्डिनेटर म्हणून करा, माणसं कळतात. नव्या औषधांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीत गंभीर दुष्परिणाम झाला तर तपासणाऱ्या डॉक्टरने चोवीस तासांत कळवायचं असतं. ते चोवीस तास डॉक्टरचे असले तरी धावपळ कोऑर्डिनेटरची असते.

फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे माझं काम. बाजारातल्या औषधांचे दुष्परिणाम जगभरातून येतात, ते वाचून, संकेतात बसवून, ठरलेल्या मुदतीत नियामकांना कळवायचे. एसीतलं, संगणकावरचं, मुदतीच्या मागे धावणारं काम. इथे भरतीत बीफार्म आणि फार्म-डी वाल्यांना झुकतं माप असतं हे मान्य करून चला. लाइफ सायन्सच्या एमएस्सीला घेतात, पण इंग्रजी वाचन वेगवान हवं. डॉक्टरांच्या गिचमिड चिठ्ठीतून "औषध कधी सुरू, त्रास कधी सुरू" ही साखळी काढता आली पाहिजे.

मेडिकल कोडिंग: अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या बिलांसाठी आजारांना संकेत देणं. लवकर नोकरी लागते, सीपीसी ही कोडिंगची परीक्षा दिली तर पगार सुधारतो. पण चार वर्षांनी परत प्रयोगशाळेत येणं जवळजवळ अशक्य. हे कुणी आधी सांगत नाही.

सरकारी: अन्न सुरक्षा अधिकारी या पदाला मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजीची पदवी चालते, परीक्षा एमपीएससीची. औषध निरीक्षकाला मात्र आपली बीएस्सी चालत नाही. आणि पदवीचं नाव 'बायोमेडिकल सायन्स' असेल तर एक काळजी घ्या. जाहिरातीत ते नाव क्वचित असतं, "किंवा समतुल्य" असं असतं. समतुल्य आहे हे कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर सिद्ध करायचं काम तुमचं. विद्यापीठाकडून समकक्षतेचं पत्र आधीच घेऊन ठेवा.

एक इशारा. "क्लिनिकल रिसर्चचा सहा महिन्यांचा डिप्लोमा, शंभर टक्के प्लेसमेंट" अशा जाहिराती तुमच्या फोनवर येऊ लागतील. चाचण्यांच्या आचारसंहितेचा, म्हणजे जीसीपीचा, मूलभूत कोर्स ऑनलाइन मोफत करता येतो. अमेरिकेच्या नायडा या सरकारी संस्थेचा आहे. स्वयम्-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन वर्गांवर इम्युनॉलॉजीपासून बायोस्टॅटिस्टिक्सपर्यंत सगळं फुकट ऐकायला मिळतं. एवढं करूनही डिप्लोमा हवासा वाटला तर गेल्या वर्षीच्या तीन विद्यार्थ्यांचे नंबर मागा आणि त्यांना फोन करा. संस्था नंबर देईनाशी झाली की उत्तर मिळालंच.

७. ब्रिटनला जायचं म्हणताय?

तिथे 'बायोमेडिकल सायंटिस्ट' हे कायद्याने संरक्षित पदनाम आहे. आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या एचसीपीसी या संस्थेकडे नोंदणी नसेल तर ते नाव लावता येत नाही आणि सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्या पदावर काम मिळत नाही. तिथले विद्यार्थी आयबीएमएस या त्यांच्या व्यावसायिक संस्थेच्या मान्यतेची पदवी घेतात आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये प्रशिक्षण घेऊन पोर्टफोलिओ पूर्ण करतात, मग नोंदणी. आपली मुलं इथली बीएस्सी करून तिकडे एका वर्षाची 'एमएस्सी बायोमेडिकल सायन्स' घेतात आणि समजतात की झालो सायंटिस्ट. नुसत्या त्या एमएस्सीने नोंदणी होत नाही. माझी एक मैत्रीण कर्ज काढून गेली आणि हे तिला तिसऱ्या महिन्यात कळलं. ती आता तिथे लॅबमध्ये सहायक म्हणून काम करते आणि परदेशी अर्जदारांच्या मार्गाने नोंदणीसाठी कागद जमवते आहे.

अर्ज करण्याआधी विद्यापीठाला ईमेलने थेट विचारा: "या कोर्सनंतर मी एचसीपीसी नोंदणीला पात्र होईन का? नसेल तर आणखी काय लागेल?" एजंटाला नको, विद्यापीठाला. शिक्षणानंतर थांबण्याचा व्हिसा आजवर दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो १८ महिन्यांचा करायचं तिथल्या सरकारने जाहीर केलं आहे. कर्जाच्या हप्त्यांचं गणित त्यावर मांडा.

नोंदणीचा अर्ज करताना तुमच्या बीएस्सीचा सविस्तर अभ्यासक्रम, प्रत्येक विषयाचे तास, प्रॅक्टिकलचे तास, सगळं विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी मागतात. म्हणून शेवटच्या सत्रातच, कॉलेजात ओळखी आहेत तोवर, अभ्यासक्रमाची प्रत विभागप्रमुखांकडून प्रमाणित करून घ्या आणि ट्रान्स्क्रिप्टचे चार-पाच सीलबंद संच काढून ठेवा. माझ्या मैत्रिणीचे कागद काढायला तिच्या वतीने मी रजा टाकून गेले होते. पहिल्या दिवशी साहेब रजेवर, दुसऱ्या दिवशी शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे. तिसऱ्या दिवशी सही मिळाली.